रविवारचा पुकारा

तिकुल, १२ फेब्रुवारी १९९४

प्रिय रोमुलो,

नाताळच्या पत्राला तुझं उत्तर नाही, त्याआधीच्यालाही नव्हतं. तरी लिहितोय. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार चपला विकत मी मोठा झालो. बंद दारासमोर टोपली उतरवून बसायची मला लाज नाही. बसून राहिलं की कधीतरी आतून आवाज येतोच, 'काय आणलंय?'

तर हे आणलंय. कारखाना चालू आहे. यंदा पांढरे उंच टाचेचे जोड जास्त जातात. माझा मुकादम एलादिओ अजूनही उजव्या बुटाला डावा तळ चिकटवतो आणि वर मलाच सांगतो, 'मालक, गोंद खराब आलाय.' आपल्या गावचा बेतो चान परवा सान फ्रान्सिस्कोहून आला. नवे दात बसवलेत, त्यामुळे विनाकारण हसत फिरतो. म्हणाला, रोमुलो आता हॉटेलात भांडी घासत नाही, शेगडीवर उभा असतो, पण कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, त्यात नवल काय? लहानपणी मार खातानाही तो तोंड उघडायचा नाही. बापाचाच हात दुखायला लागायचा.

सोकोरो बरी आहे. तुझी बायको सोमवारी घेवडा आणि डुकराचं मांस शिजवते आणि मला वाडगाभर पाठवते. तू गेल्यापासून एक सोमवार चुकला नाही. तुझी लेक लांदीही बरी आहे. संध्याकाळी पाय जरा सुजतात, इतकंच.

लांदीचं एक मागणं आहे, ते पोचवायला हे पत्र. लग्नाआधीच्या रक्ततपासणीच्या कागदावर काय आलं ते सोकोरोने तुला कळवलं आणि त्या दिवसापासून तुझा रविवारचा फोन बंद झाला. विल्बेर्त गोंगोराने लग्न मोडलं, त्याची आई सोन्याची साखळी परत घेऊन गेली, ते सगळं झालं. त्याबद्दल ती काही म्हणत नाही. पत्रही मागत नाही. म्हणते, 'काका, बाबांना सांगा, फक्त एका रविवारी फोन करा.'

विल्माबाईने फोनघराच्या छपरावर नवा भोंगा बसवलाय. 'सोलेदाद, लॉस एंजेलिसहून नवरा बोलतोय, पळ गं, पैसे पडतायत!' अशी ओरडली की बाजारातले टोमॅटोवालेसुद्धा सोलेदादला वाट करून देतात. लांदीला तोच पुकारा हवाय. तिच्या नावाने. 'लांदी उक, तुझ्या वडिलांचा फोन.' बास. पुढे तू फोनवर नुसता खोकलास तरी चालेल म्हणते.

मी हे फोन करून सांगितलं असतं, पण विल्माबाईच्या फोनच्या खोक्यांच्या भिंती प्लायवुडच्या आहेत आणि माझ्यासारखे कान या गावात आणखीही आहेत.

तुझा भाऊ,
गास्पार

तिकुल, २० मार्च १९९४

रोमुलो,

पाच रविवार गेले. ठीक आहे. मागच्या पत्रात मी तुला विक्रेत्यासारखा माल दाखवला, चांगली बाजू वर ठेवून. आता खालची बाजू बघ.

लांदी बरी नाही. सकाळी तिची बोटं वळत नाहीत. पोलक्याच्या गळ्यावर ती मशीनवर फुलं भरायची ना, आता कापड धरायलाच सोकोरो लागते. केस गळतात. आणि तोंडावर, दोन्ही गालांवर आणि नाकावरून आडवा, लाल पट्टा उठतो. उन्हात गेली की पेटल्यासारखा दिसतो. आमच्या दुकानात बायका चपला घालून बघतात तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसलेला असतो. पायाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बायका काहीही बोलतात. एक जण म्हणाली, 'पाहिलीस का उकांची पोर? लाज तोंडावर उमटलीय.' दुसरी म्हणाली, 'रक्तच बोललं, तर तोंड कसं गप्प बसेल?' मी त्या दुसरीला एक नंबर लहान जोड दिला. तेवढंच माझ्या हातात होतं.

आरोग्य केंद्रातला डॉक्टर वर्षभर तिला पेनिसिलिन टोचत होता. एक फेरी झाली की रक्त तपासायचं, कागद पुन्हा तसाच यायचा, की दुसरी फेरी. शेवटी तो सोकोरोला म्हणाला, 'बाई, ही औषध घेतेय पण त्या मुलाला भेटणं सोडत नसेल.' कोणता मुलगा? विल्बेर्तने तिचा हात धरला असेल तर चर्चच्या पायऱ्यांवर, तोही आपल्या आईसमोर.  घरी येऊन सोकोरोने अंगणातल्या आंबट संत्र्याच्या झाडाखाली सगळी भांडी काढून पुन्हा घासली.

आता ऐक. गेल्या आठवड्यात दोन नर्सा दुकानात आल्या. एक म्हणाली, मेरिदात एक वेडी डॉक्टरीण आहे, नोंदणी कचेऱ्यांत फिरते आणि रक्तामुळे ज्यांचे लग्नाचे कागद परत गेले त्या मुलींची नावं मागते. दुसरीने विचारलं, 'कशाला?' पहिली म्हणाली, 'म्हणते त्यातल्या काहींना तो रोगच नाही, वेगळाच काहीतरी आहे.'

मी तिच्या अंगठ्याचं माप तीनदा घेतलं. ती म्हणाली, 'अहो मालक, माझा अंगठा काय हत्तीचा आहे?' मी म्हटलं, 'बाई, असा सरळ अंगठा तिकुलात सापडत नाही.' ती खूश झाली, आणि मला डॉक्टरणीचं नाव, इस्पितळ, बसायची वेळ, सगळं मिळालं.

सोमवारी आम्ही मेरिदाला जातोय. तू फोन कर.

गास्पार

तिकुल, ८ मे १९९४

रोमुलो,

पत्र मोठं आहे. बसून वाच.

डॉक्टर ओफेलिया मान्सानिया साठीकडे झुकलेली, बुटकी बाई आहे. पायात पुरुषी बूट घालते, म्हणजे माझ्या धंद्याचा अपमानच. सुरुवातीला तिने तो कागद पाहिलाही नाही. लांदीला समोर बसवलं आणि विचारत गेली. सकाळी उशीवर केस सापडतात का? तोंडात फोड येतात का, न दुखणारे? खोल श्वास घेतला की बरगडीत टोचतं का? लघवीला फेस येतो का? लांदी प्रत्येकाला हो म्हणत गेली आणि सोकोरो प्रत्येक 'हो'ला वळून तिच्याकडे बघत राहिली, कारण यातलं निम्मं पोरीने आईलाही सांगितलं नव्हतं. शेवटी लांदी म्हणाली, 'डॉक्टर, तुम्ही आमच्या घरी राहून गेलात का?'

मग बाईने कागद हातात घेतला आणि माझ्याकडे वळली. 'शेठ, तुम्ही बैलाच्या चामड्यावर जगता. ही तपासणी बैलाच्या हृदयावर जगते.'

मला वाटलं थट्टा करते. पण खरंच तसं आहे. बैलाच्या हृदयाचा अर्क काढतात आणि त्यात माणसाचं रक्त मिसळतात. गुठळ्या धरल्या की कागदावर शिक्का. जंतू कोणी बघतच नाही. त्या घाणेरड्या गुप्तरोगात गुठळ्या धरतात हे खरं, पण आणखी काही रोगांतही धरतात. म्हणून मग दुसरी तपासणी करायची असते, खुद्द जंतूची. 'तुमच्याकडे ती कोणी केली?' तिने विचारलं.

'कोणी नाही.'

'अर्थात. नोंदणी कचेरीला कागद लागतो आणि सासूला कारण. दुसरी तपासणी कोणाला हवी असते?'

ती दुसरी तपासणी तिने केली. स्वच्छ आली. रोमुलो, हे वाक्य पुन्हा वाच. तुझ्या पोरीला तो रोग नाही आणि कधीच नव्हता.

तिला जो आहे त्याला ल्युपस म्हणतात. बाईने मला तिच्या काळोख्या खोलीत नेलं. काचेच्या पट्टीवर पेशींचा पातळ थर असतो, त्यावर रक्तातलं पाणी सोडतात, धुतात, रंग चढवतात आणि खास दिव्याखाली बघतात. ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त हवं म्हणून तिने माझं घेतलं होतं. (सुई बघून मी खुर्चीवरून घसरलो. लांदी सगळ्या तिकुलला हे सांगत फिरतेय, तेव्हा तू माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.) माझ्या रक्ताच्या जागी काळोख. पट्टी सरकवली, लांदीचं रक्त आलं, आणि प्रत्येक पेशीचा मधला ठिपका हिरवागार पेटलेला. इतकं सुंदर दिसत होतं की मी 'वा' म्हणून गेलो. बाई म्हणाली, 'वा नाही, शेठ. हे तिचं रक्त तिच्यावरच चालून आलंय.' शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून मारत सुटतात. सांधे, कातडी, किडनी, जे सापडेल ते. बाहेर येऊन मी हे लांदीला समजावलं तर ती म्हणाली, 'कळलं. माझ्या रक्तात तुमचा एलादिओ कामाला लागलाय. आपल्याच जोडावर रापी चालवतो.'

मी बाईला विचारलं, म्हणजे हा हिरवा उजेड दिसला की रोग पक्का? तशी चिडली. म्हणाली, असा उजेड चांगल्या ठणठणीत बायकांतही सापडतो. तोंड, सांधे, केस, लघवी, रक्त, सगळं एकमेकांशी जुळलं तरच ती नाव देते. 'एका पुराव्यावर मुलीला दोषी ठरवायचं काम तुमच्या गावाने केलंय, तेवढं पुरे.'

मग तिने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. तो निकाल चांगला नाही. औषधं जबर आहेत. त्यांनी पोरीचं तोंड भाकरीसारखं गोल झालंय. वर्षभर आधी आली असती तर, एवढंच बाई बोलली. ते वर्ष पेनिसिलिनच्या सुयांत गेलं.

तिचा अभ्यास असा आहे: ज्या मुलींची पहिली तपासणी वाईट आणि दुसरी स्वच्छ, त्यांच्यावर ती वर्षानुवर्षं नजर ठेवते. त्यांतल्या काहींत हा रोग नंतर डोकं वर काढतो. वेळेत दिसला तर किडनी वाचते. घराण्यात काय चालतं तेही ती बघते, म्हणून आईबापांचं रक्त मागते. सोकोरोने दिलं. तुझंही हवंय. पण ते राहू दे. आधी फोन कर. आता तर अडचण उरली नाही.

गास्पार

तिकुल, ३ जुलै १९९४

रोमुलो,

तुझं पत्र आलं. वाचून मी कारखान्याच्या मागे कातड्यांच्या ढिगावर जाऊन बसलो. एलादिओ दोनदा येऊन बघून गेला. त्याला वाटलं करवाले आले.

तू लिहितोस, डॉक्टरीण चुकतेय. तू लिहितोस, लग्नानंतरच्या वर्षी प्रोग्रेसोच्या धक्क्यावर हमाली करत होतास तेव्हा तुला तो रोग झाला होता, सुया टोचून घेतल्यास, कोणाला सांगितलं नाहीस, आणि पुढे लांदी झाली. म्हणून सोकोरोने कागदाबद्दल कळवलं तेव्हा तुला ठाऊक होतं ते कुठून आलं. पोरीला काय तोंड दाखवू म्हणून फोन बंद केलास.

म्हणजे दीड वर्ष गाव समजलं बाप संतापलाय. पोर समजली बापाने टाकली. मीही तेच समजलो आणि मनात तुला नको ते बोललो. आणि तू तिकडे शेगडीपुढे उभा राहून स्वतःलाच भाजत होतास. गाढवा. तुझं गप्प बसणं इथे काय म्हणून ऐकू आलं, याचा एकदा तरी विचार केलास?

मी मेरिदाला गेलो. नाव घेतलं नाही. म्हटलं, 'बाई, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे...' तिने चष्मा काढला. म्हणाली, 'तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा, आईच्या पोटातून आलेला रोगही दुसऱ्या तपासणीत दिसतो. मुलीत दिसला नाही. आईच्या रक्तातही नाही. त्या माणसाने तेव्हा काय केलं ते त्याने आणि त्याच्या बायकोने बघावं. मुलीच्या रक्तात त्याचा काही हात नाही.'

तिच्या रक्तात तुझं पाप नाही. हा ल्युपस कोणी कोणाला देत नाही.

हे मी सोकोरोला सांगितलेलं नाही. लांदीला तर नाहीच. दोघींना फक्त एवढंच म्हटलं, रोमुलोचं पत्र आलं, फोन करेन म्हणतो. करशील ना? तू शेवटच्या ओळीत 'करतो' लिहिलंयस. मी ती ओळ लांदीला दाखवली, बाकीचा कागद घडी घालून. तिने बोटाने ती ओळ चाचपली, जसं मी नवं चामडं चाचपतो.

गास्पार

तिकुल, १४ ऑगस्ट १९९४

रोमुलो,

बेतो म्हणतो तू उत्तरेकडे द्राक्षांच्या मळ्यात, हंगामी मजुरांचा स्वयंपाक करायला गेलास. नवा पत्ता त्यालाही माहीत नाही. जुन्याच पत्त्यावर पाठवतोय, कोणीतरी पोचवेल.

दर रविवारी जेवण झालं की लांदी केस विंचरून घेते. उरलेत ते. मग फुलांचा रुमाल बांधते आणि दाराजवळच्या दोरीच्या झुल्यात बसते, जिथून भोंगा नीट ऐकू येतो. विल्माबाई एकेकाचं नाव घेते. लांदी प्रत्येक नावाला म्हणते, 'हं, बरं झालं, त्यांचा आला.' पाच वाजता फोनघर बंद होतं. मग ती रुमाल सोडते.

सोकोरोला तुझी गोष्ट ठाऊक होती. मी सांगायच्या आधीपासून. परवा मी घुटमळत काहीतरी बोलायला लागलो, तर ती मक्याचं पीठ मळता मळता म्हणाली, 'दादा, तेव्हा त्याला सुया टोचणारी फेलिपा माझी मावसबहीण. बावीस वर्षं मला माहीत आहे. मी तेव्हाच जाऊन माझंही रक्त तपासून आले होते.' मी म्हटलं, 'मग तू त्याला कधी बोलली नाहीस?' ती म्हणाली, 'तो बोलेल म्हणून वाट बघत होते. त्याने जे केलं ते माझ्याशी केलं आणि गप्प बसून शिक्षा पोरीला दिली. एवढंच मला सोसत नाही.' आणि पिठाचा गोळा एवढ्या जोरात आपटला की कोंबडी पळाली.

डॉक्टर मान्सानिया आता बुधवारी, बाजाराच्या दिवशी, इथल्या आरोग्य केंद्रात येऊन बसते. आपल्याच भागात असे कागद परत गेलेल्या मुली आहेत हे तिला कळलंय. तिने घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या. एकही मुलगी आली नाही. कशी येईल? त्या बाकावर बसणं म्हणजे भर बाजारात कबुली. दोन बुधवार लांदी स्वतः त्या बाकावर जाऊन बसली, सुजलेल्या पायांनी, तीनचाकी सायकलवर बसून गेली. म्हणाली, 'मला बघून एखादी येईल.' दुसऱ्या बुधवारी शेजारच्या त्झान गावची एक आई आपल्या मुलीला घेऊन फाटकापर्यंत आली. मुलीच्या गालावर तोच लाल पट्टा. आईने बाकावर लांदीला पाहिलं, ओळखलं, आणि मुलीचा दंड धरून परत फिरली.

घरी येताना लांदी म्हणाली, 'काका, माझ्या शेजारी बसायला लाज वाटते त्यांना. ज्या घराची लाज गेली, त्या घरच्या बापानेच सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं, तर त्यांना बसता येईल.' आता कळलं तुला, तिला तो भोंगा का हवाय? फोन नकोच आहे तिला.

या बुधवारी ती गेली नाही. तिला उठवत नाही. छातीत पाणी झालंय म्हणतात. बाई मेरिदाला दाखल करा म्हणते. लांदी म्हणते सोमवारी जाऊ, रविवार होऊ दे.

रोमुलो, मी आयुष्यात कोणाच्या पाया पडलो नाही, फक्त माप घ्यायला बसलो. आता पडतो.

गास्पार

तिकुल, ३० ऑगस्ट १९९४

रोमुलो,

विल्माबाईने तुझा मळ्याचा पत्ता घेऊन ठेवला, म्हणून हे पत्र बरोबर पोचेल. जे झालं ते तिने तुला फोनवर सांगितलं. पण तिकडून तुला ऐकू आलं नसेल की इथे काय झालं. तेवढ्यासाठी लिहितो.

लांदीने गुरुवारी सकाळी मेरिदाच्या इस्पितळात प्राण सोडला. तार तुझ्या जुन्या पत्त्यावर गेली आणि परत आली. मी लग्नासाठी केलेले पांढरे बूट तिच्या पायात गेले नाहीत. मोठ्या फर्म्यावर नवा जोड करायला बसलो, पण दोनदा चामडं वाकडं कापलं, तेव्हा एलादिओने केला. डावं उजवं चुकवलं नाही.

नऊ दिवसांची प्रार्थना घरीच चालू आहे. रविवारी दुपारी बायका दाटीने बसल्या होत्या, अंगणापर्यंत. प्रार्थना सांगणारी म्हातारी मधोमध पोचली होती. सोकोरो चॉकलेटच्या कपांचा ट्रे घेऊन दारात उभी. आणि भोंगा वाजला.

'लांदी उक! लांदी उक! कॅलिफोर्नियाहून तुझ्या वडिलांचा फोन आहे!'

म्हातारीचं बोट जपमाळेवर थांबलं.  सगळ्यात आधी मला वाटलं, विल्माला वेड लागलं. ती स्वतः शुक्रवारी पुरायला आली होती. पुन्हा तोच पुकारा. मग तिसऱ्यांदा, जसा ती प्रत्येकासाठी करते. फक्त या वेळी तिने पळ गं म्हटलं नाही, पैसे पडतायत म्हटलं नाही. नाव सावकाश घेतलं, सगळं नाव, 'लांदी मारिया उक कोकोम, रोमुलो उकची मुलगी.' बाजाराच्या बाजूचा सगळा आवाज बंद झाला. समोरच्या फुटपाथवर विल्बेर्तची आई होती, तीही तिथेच थांबली.

सोकोरोने ट्रे खाली ठेवला. दारातून रस्त्याकडे बघून म्हणाली, 'ऐकलंत ना सगळ्यांनी?' आणि आत येऊन म्हातारीला म्हणाली, 'चालू द्या.'

मी फोनघराकडे पळालो. या वयात, या पोटाने. खोक्यात शिरून फोन कानाला लावला, आणि तू म्हणालास, 'लांदी? बाळा?'

 मी कसा बडबड्या आहे हे तुला माहीत आहे. तरी फोन विल्माच्या हातात दिला आणि बाहेर बाकावर बसलो. प्लायवुडच्या भिंतीतून तिचं ऐकलं. 'रोमुलो, ती गुरुवारी गेली रे.'  मग तू काय विचारलंस ते मला तिच्या उत्तरावरून कळलं. ती म्हणाली, 'तू तिचं नाव सांगितलंस. माझं काम पुकारायचं. मेलेल्याचं पुकारू नये असं मला कोणी सांगितलेलं नाही.'

तू उशीर केलास. मी तुला गोड बोलून ते झाकणार नाही. तिने वाट बघितली आणि तू आला नाहीस, हे तुझ्या माझ्यात कायम राहील. पण जे तिने मागितलं होतं ते पडलं सगळ्यांच्या कानावर.

आणि काल प्रार्थना संपल्यावर बायका निघाल्या, तेव्हा त्झानची ती आई मागे राहिली. मुलगी तिच्याबरोबर, डोक्यावरून ओढणी, गाल झाकलेले. आई माझ्याशी बोलली पण बघत जमिनीकडे होती. 'मालक, ती डॉक्टरीण बुधवारी कुठल्या खोलीत बसते?' मी म्हटलं, 'मी येतो बरोबर.' ती म्हणाली, 'नको. आम्ही बाकावर बसू.'

डॉक्टर मान्सानियाला मी कळवलंय. तिने विचारलं, लांदीच्या वडिलांचं रक्त मिळेल का? मी म्हटलं, आता मिळेल असं वाटतं.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन कर. लांदीचं नाव सांगू नकोस, ते एकदा घेतलं तेवढं घेतलं. सोकोरोचं सांग. ती जागची उठेल की नाही, मी शब्द देत नाही. मी तिच्यातर्फे काही बोलणारही नाही. पण आज सोमवारच्या घेवड्याचा वाडगा परत द्यायला गेलो होतो. वाडगा माझ्या हातातून घेता घेता तिने विचारलं, 'दादा, आपल्याकडे तीन वाजतात तेव्हा तिकडे किती वाजलेले असतात?'

तुझा भाऊ,
गास्पार